शपथेचं पाणी

सभा संपत आली तरी एकाही बाईनं तोंड उघडलं नव्हतं. शाळेच्या पत्र्याखाली दीडशेएक बाया पाय एका बाजूला दुमडून बसल्या होत्या. मी रिकामी मतपेटी उलटी करून दाखवली, तिला कुलूप लावून दाखवलं, पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाऊन नमुन्याच्या कागदावर खूण कशी करायची तेही दाखवलं. माझा दुभाष्या विचेत माझं एकेक वाक्य त्यांच्या ख्मेर भाषेत सांगत होता. खूण कुणी बघणार नाही, घडी केलेला कागद पेटीत पडला की तो कुणाचा हे कुणालाच कळणार नाही, हे तर मी तीनदा सांगितलं. तेवढं सांगण्यासाठीच मला माझ्या देशातून इतक्या लांब आणलं होतं.

शेवटी, कुणाला काही विचारायचं आहे का, असं म्हटलं आणि मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली. तिनं केस अगदी बारीक कापलेले होते, अंगात पांढरा सदरा होता. हात जोडून ती दोन वाक्यं बोलली. विचेतनं माझ्याकडे वळून सांगितलं.

"पेटीत कोण काय टाकतं ते कुणालाच दिसत नाही, असं तू म्हणतेस. बुद्धालाही दिसत नाही का?"

कुणी हसलं नाही. बाहेर चिंचेखाली गावाचा मुखिया मोटारसायकलला टेकून उभा होता. त्यानं सिगारेट खाली टाकली आणि आत बघायला लागला.

आम्हाला दिलेल्या पुस्तिकेत लोक काय काय विचारतील आणि काय उत्तर द्यायचं, याची भली मोठी यादी होती. पेन्सिलीत यंत्र बसवलंय का, आभाळातून फोटो काढतात का, असले प्रश्नसुद्धा होते. हा नव्हता. मी म्हटलं, "उद्या सांगते." म्हातारी खाली बसली.

ही १९९३च्या मे महिन्यातली गोष्ट. कंबोडियात तेव्हा वीसेक वर्षांच्या लढाया आणि कत्तलींनंतर तह झाला होता, आणि संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणूक व्हायची होती. ती धाकदपटशाशिवाय व्हावी म्हणून कितीतरी देशांच्या सरकारांनी आपापली माणसं पाठवली होती. भारतानंही निवडणुकीच्या कामातले लोक दिले. मी, हेमलता सोनसळे, मराठवाड्यातल्या एका तालुक्यात नायब तहसीलदार होते. वय चौतीस. अकरा वर्षं निवडणुकीची कामं केलेली. निवडणूक म्हणजे माझ्या लेखी छापील नमुने, लाख, सुतळी आणि ड्यूटी रद्द करा म्हणून भांडायला येणारे मास्तर. एका यादीत माझं नाव गेलं, दीड महिन्यात पासपोर्ट निघाला, सहा वर्षांच्या मुलाला आईकडे ठेवलं आणि मी त्रपांग स्वाय नावाच्या गावात येऊन पडले. त्रपांग स्वाय म्हणजे आंब्याचं तळं. तळं होतं, आंबा मला दिसला नाही.

गावातल्या म्हाताऱ्यांनी मला लवकर आपलं मानलं, त्याला कारण होतं. पहिल्याच दिवशी मी विहारात गेले, गुडघे टेकले आणि लहानपणापासून म्हणत आले तसं त्रिसरण म्हटलं, बुद्धं सरणं गच्छामि. शेजारच्या बायांनी चमकून बघितलं आणि माझ्या आवाजात आवाज मिसळला. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण शब्द तेच. आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी म्हणतो ते शब्द इतक्या लांब, या बायांच्या तोंडी. माझ्या अंगावर काटा आला. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी बुद्धाच्या देशातून आलेली होते. म्हणूनच तो प्रश्न माझ्यापुढे आला असणार. ती म्हातारी त्याच दिवशी माझ्या शेजारी बसली होती. तिचं नाव सारून. सगळे तिला येय म्हणायचे, म्हणजे आजी.

सभेनंतर विचेतनं मला खरी गोष्ट सांगितली. तो चाळिशीचा माणूस, दहा वर्षं सरहद्दीवरच्या निर्वासितांच्या छावणीत काढून नुकताच परतलेला. इंग्रजी तिथंच शिकला. तीन आठवड्यांपूर्वी मुखियानं घराघरातल्या बायांना विहारात बोलावलं होतं. मूर्तीपुढे पाण्याचं घंगाळ होतं, त्यात बंदुकीची गोळी टाकलेली. प्रत्येकीला त्यातलं वाटीभर पाणी प्यायला लावलं आणि वदवून घेतलं, की मत मुखियाच्याच पक्षाला देईन. नाही दिलं तर ही गोळी माझ्या लेकराला लागो. दारात दोन बंदूकवाले उभे होते. आमच्या गुप्त मतदानाच्या समजावणीला बाया इतक्या गप्प का होत्या, ते मला तेव्हा कळलं. मुखियाला दिसणार नाही, हे त्यांना पटलं होतं. त्यांना धाक मुखियाच्या नजरेचा नव्हताच.

संध्याकाळी मी वायरलेसवर आमच्या जिल्हा पर्यवेक्षकांशी बोलले. ते केनियाचे, ओटिएनो नावाचे, शांत आणि नियमाला पक्के. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शपथेची तक्रार लिहून घेतली आणि सांगितलं, की धर्माच्या विषयात पडू नका, मत गुप्त आहे एवढंच सांगा. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुखिया माझ्या खोलीपाशी आला. सोबत दोन शहाळी आणली होती. माणूस उर्मट नव्हता. मला काही गैरसोय आहे का विचारलं, पाण्याची चौकशी केली, माझ्या मुलाचं वय विचारलं. जाताना तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही पंधरा दिवसांनी घरी जाल. मी इथंच राहणार आहे. या बायाही इथंच राहणार आहेत."

आवाजात धमकी नव्हती. तो म्हणाला ते खरंच होतं. आम्ही परदेशी माणसं गाड्या आणि पेट्या घेऊन आलो होतो, आमचं परतीचं तिकीट ठरलेलं होतं. शूर व्हायला सांगणं आम्हाला सोपं होतं.

मग मी विहारातल्या वृद्ध भंतेंकडे गेले. म्हटलं, तुम्ही दोन शब्द सांगितले तर बायांच्या मनावरचं ओझं उतरेल. ते खाली बघत इतकंच म्हणाले, की त्या दिवशी मी इथंच होतो. मी बघत होतो.

परत येताना मला भंतेंचा राग यायला हवा होता. आला नाही. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वीच्या विधानसभेला एका तांड्यावरच्या बायांना देवळात नेऊन बेलभंडार उचलून मताची शपथ घ्यायला लावल्याची खबर कोतवालानं मला येऊन सांगितली होती. मी त्याला विचारलं होतं, लेखी तक्रार आहे का? नव्हती. मी विषय मिटवला आणि मतपेट्यांच्या यादीकडे वळले. त्या बायांचे चेहरेसुद्धा मी पाहिले नव्हते. घरापासून इतक्या लांब, भाताच्या रिकाम्या शेतांमधून चालताना ते मला पहिल्यांदा खुपलं.

दुपारी बाया पुन्हा जमल्या. आदल्या दिवसापेक्षा जास्त होत्या. येय सारून या वेळी पुढेच बसली होती. मुखिया बाहेर होता. मी विचेतला सांगितलं, मी बोलेन तसंच्या तसं सांगा, त्यात काही मऊ करू नका.

"येय, बुद्धाला दिसतं," मी म्हटलं.

विचेत थबकला. मग त्यानं सांगितलं. बायांमधून एक बारीक हालचाल गेली.

"तुम्ही आडोशामागे काय कराल ते त्याला दिसेल. मी नाही म्हटलं तर खोटं होईल. पण त्या दिवशी पाण्याची वाटी कुणी पुढे केली, दारात बंदूक घेऊन कोण उभं होतं, आणि पिताना तुमच्या मनात काय होतं, हेही त्याला दिसलेलं आहे. यातलं काय मोठं, ते मी सांगू शकत नाही. कुणाला मत द्यायचं तेही सांगणार नाही. तुम्ही मुखियाच्या पक्षाला दिलंत तरी ते तुमचं मत असू द्या, एवढंच."

येय सारून माझ्याकडे बघत राहिली. बाया उठून गेल्या. ओटिएनोंना मी स्वतःच कळवलं, की त्यांचं सांगणं मी मोडलं. ते म्हणाले, यावर निवडणुकीनंतर बोलू.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी मतदान केंद्राच्या दोऱ्या बांधत होते. समोरच्या बांधावरून येय सारून येताना दिसली. हातात नारळाची करवंटी होती आणि ती इतक्या जपून पावलं टाकत होती, की करवंटीत काहीतरी काठोकाठ भरलेलं असणार हे लांबूनही कळत होतं. ती आमच्यापुढून गेली, विहाराच्या आवारात शिरली आणि तिथल्या पिंपळाच्या बुंध्याशी बसली. मी आणि विचेत कुंपणापाशी जाऊन उभे राहिलो. तिनं करवंटी कपाळाला लावली, काही पुटपुटली आणि पाणी हळूहळू मुळाशी ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत करवंटी तशीच धरून ठेवली.

ती काय म्हणाली, मी विचेतला विचारलं. तो म्हणाला, आमच्यात दान केलं की जमिनीवर पाणी ओततात, धरणीला साक्षी ठेवून. पण ती म्हणतेय ते मी याआधी कधी ऐकलेलं नाही. ती म्हणतेय, हे पाणी माझ्या हातात दिलं गेलं, मी मागितलं नव्हतं. ते मी परत करते. लेकराची शपथ सुटो, देणाऱ्याचंही भलं होवो.

ती उठायच्या आत दुसरी बाई आली. तिच्या हातात पितळी वाटी होती. मग दोघी मायलेकी आल्या. मग बांधावर बघितलं तर ओळच लागलेली. करवंट्या, वाट्या, पत्र्याचे डबे, एकीकडे नुसती ओंजळ. कुणी कुणाला बोलावलेलं दिसत नव्हतं, कुणी बोलतही नव्हतं. एकेक जण बसायची, ओतायची, उठायची. मुखियाची मोटारसायकल आली आणि आवारापाशी थांबली. बायांनी त्याला पाहिलं. ओळ थांबली नाही. त्यानं काही केलं नाही. दीडदोनशे बाया पिंपळाला पाणी घालताहेत, याला अडवायचं तरी काय म्हणून? तो गाडीवर बसून बघत राहिला. भंते विहाराच्या पायऱ्या उतरून खाली आले आणि पिंपळापाशी हात जोडून उभे राहिले. शेवटची बाई जाईपर्यंत ते हलले नाहीत. पिंपळाखाली चिखल झाला होता. मी माझ्या आयुष्यात खूप सभा, मोर्चे, मिरवणुका पाहिल्या आहेत. त्या दुपारसारखं काही पाहिलेलं नाही.

दिवेलागणीला तोफा वाजल्या. तह न मानणाऱ्या, जंगलातल्या बंडखोरांना निवडणूक नको होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. आवाज लांबचा होता, पण खोलीतली भांडी थरथरली. ओटिएनोंचा निरोप आला, की हवं तर गाडी पाठवतो, शहरात या. उद्या केंद्र उघडायचं की नाही ते तुमच्यावर सोडतो. खरं सांगते, मला जायचं होतं. मुलाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. पण दुपारी जे पाहिलं होतं, त्यानंतर गाडीत बसायला पाय उचलेना. मी म्हटलं, आठला उघडते, दहापर्यंत कुणी आलं नाही तर बंद करून येते. कुणी येणार नाही, याची मला खात्री होती.

पहाटे फटफटताना विचेतनं हाक मारली. मला वाटलं, काही वाईट बातमी आहे. बाहेर आले तर तो नुसता शाळेकडे हात करून उभा होता.

शाळेपुढचं अख्खं मैदान माणसांनी भरलेलं होतं. हजाराच्या वर असतील, आसपासच्या गावांतलीही. सगळी खाली बसलेली, आणि आवाज म्हणून नाही. धुकं जरा विरळ झालं तसे कपडे दिसायला लागले. घड्या उकललेल्या रेशमी लुंग्या, पांढरेधोप सदरे, म्हाताऱ्यांच्या खांद्यावर स्वच्छ पंचे. इतके दिवस मी या लोकांना विटलेल्या काळ्या कपड्यांत पाहत होते. हे रेशीम कुठं लपवून ठेवलं होतं कुणास ठाऊक. सुरुंगानं पाय गेलेले चारपाच पुरुष कुबड्या शेजारी ठेवून बसले होते. एका बैलगाडीत एक आजोबा गादीवर आडवे होते, त्यांनासुद्धा धुतलेला सदरा घातला होता. लग्नाला जावं तशी माणसं सजून आली होती, आणि लग्नात असतो तो गलबला मात्र नव्हता. तोफांचे आवाज ऐकल्यावर ही माणसं घरात दडायची सोडून अंधारात वाट तुडवत आली होती. एवढ्या लवकर का, असं विचेतनं एकाला विचारलं. तो म्हणाला, "उशीर केला आणि तुम्ही बंद करून निघून गेलात तर?"

मी आत गेले आणि दोन मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. दहापर्यंत कुणी आलं नाही तर, असं मी म्हणाले होते.

आठ वाजता पेटी सगळ्यांना रिकामी दाखवून बंद केली. मुखिया नऊच्या सुमाराला आला आणि सवयीनं पुढे दाराशी गेला. रांगेतलं कुणी सरकलं नाही. तो थोडा वेळ तिथंच घोटाळला, मग मागे जाऊन शेवटी उभा राहिला. त्याच्या पुढे एक भाजीवाली होती. विचेतनं माझ्याकडे दहा मिनिटांची सुट्टी मागितली. मी विचारलं, कशाला? म्हणाला, मलाही रांगेत उभं राहायचं आहे. एक्केचाळीस वर्षांचा आहे, अजून एकदाही उभा राहिलेलो नाही. दहा मिनिटांचे तीन तास झाले, तोवर मी खाणाखुणांनी काम भागवलं.

येय सारून आडोशामागे गेली ती सातआठ मिनिटं बाहेर आली नाही. माझे मदतनीस चुळबुळायला लागले. मी त्यांना हातानं थांबवलं. ती आली तेव्हा कागदाची इतकी बारीक घडी केली होती, की सुपारीएवढी झाली होती. तिनं ती कपाळाला लावली आणि पेटीत सोडली.

पुढचं सांगून टाकते. ओटिएनो माझ्यावर रागावले नाहीत. अहवालात त्यांनी शपथेचा प्रकार लिहिला, माझं बोलणं लिहिलं नाही. वर्षभरानं विचेतचं पत्र आलं. मुखिया तोच आहे, येय बरी आहे, तिला कुणी हात लावला नाही, असं त्यात होतं. त्या गावानं कुणाला मतं दिली ते मला आजही माहीत नाही. मी परत आल्यावर आधी त्या तांड्यावर गेले. तिथल्या बायांनी मला गूळपाणी दिलं आणि त्या दिवसाबद्दल एक शब्दही सांगितला नाही. त्यांच्या जागी मीही सांगितला नसता. पुढच्या निवडणुकीत तिथल्या केंद्रावर मी दिवसभर स्वतः बसले, लेखी तक्रारीची वाट न बघता.

पण मला सांगायचं आहे ते मतदानाच्या त्या पहिल्या दिवशीच्या संध्याकाळचं. चार वाजले, केंद्र बंद झालं, मी पेटीच्या फटीवर सील लावत होते. मैदान रिकामं होतं. येय सारून दाराशी येऊन उभी राहिली. मत देऊन झालं, आता काय, असं विचेतनं विचारलं. तिला पेटी बघायची होती. ती कुठे नेणार, हे विचारायचं होतं. मी सांगितलं, की प्रांताच्या शहरात नेणार. तिथं सगळ्या गावांच्या पेट्यांतले कागद एकत्र करणार आणि मग मोजणार, म्हणजे कुठल्या गावानं कुणाला दिलं ते कळायला नको.

"सगळ्यांचे एकत्र?" तिनं विचारलं.

"सगळ्यांचे."

"शहरातल्या बड्या घरच्या बायांचाही? मुखियाच्या वरच्या साहेबाचाही?"

"त्यांचाही, येय. एकाच ढिगात."

"माझा त्यांच्या कागदाला लागेल?"

"लागेल."

"आणि कुठला कुणाचा, ते ओळखता येणार नाही?"

"नाही. मलाही नाही. कुणालाच नाही."

ती पेटीजवळ जमिनीवर बसली. चेहऱ्यावर हसू नव्हतं. लांबून ऐकलेली गोष्ट समोर दिसावी तशी ती त्या पत्र्याच्या पेटीकडे बघत होती. मी सील हातात धरून तशीच उभी राहिले. माझी आई ज्या गावात वाढली तिथं तिच्या ओंजळीत पाणी वरून सोडायचे, भांड्याला हात लागू नये म्हणून. तिनंच मला शिकवून या नोकरीत बसवलं होतं. अकरा वर्षं मी मतपत्रिकांचे गठ्ठे मोजून घेतले होते, मोजून दिले होते. कागदाला कागद लागतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

सीलवर सही करायची होती. येयकडे बघतच मी ती केली. ती वाकडी आली.